साखर ३४०, कारण सांगता येत नाही

बोरमळ्यात सकाळ झाली की नाही हे पूर्वी कोंबडा सांगायचा. आता प्रभुदास पाटोळ्यांचं स्टेटस सांगतं.

पाटोळे नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वस्तू आत आली की नोंद, बाहेर गेली की नोंद, असं त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर नोंदायला वस्तू उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःलाच नोंदायला घेतलं. सकाळी बायबलातलं एक वचन आणि त्याखाली उपाशीपोटीची साखर. मग नाश्ता. दुपारी ताट. संध्याकाळी सूर्यास्त आणि बी.पी., एकाच फोटोत. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांबरोबरचा फोटो आला. त्यात फक्त चेहरे होते, याबद्दल गावाने आपापल्या देवाचे आभार मानले.

एकदा बायकोशी, हन्नाबाईंशी, त्यांचं वाजलं. 'आज घरात अबोला. कारण: भाजीत मीठ,' असं स्टेटस आलं. हन्नाबाईंनी ते शेजारणीच्या मोबाईलवर वाचलं आणि अबोला पुढच्या आठवड्यापर्यंत वाढवला.

एकदा त्यांनी 'सहकुटुंब खर्ड्याचा किल्ला पाहताना' असा फोटो किल्ल्यावरूनच टाकला. परत आले तर स्वयंपाकघरातलं भरलेलं सिलिंडर गायब. पाटोळ्यांनी रिकाम्या जागेचा फोटो काढून टाकला. खाली लिहिलं, 'चोराने सिलिंडर नेले. शेगडी राहिली.' पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये असताना शेगडीही गेली. त्याही रिकाम्या जागेचा फोटो आला.

एवढ्यानेही माणूस सुधारला असता, पण त्या शेगडीच्या फोटोला एकशेबारा लोकांनी रडका चेहरा पाठवला होता. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथे कुणी हसरासुद्धा पाठवला नव्हता.

खरं नुकसान झालं ते त्यांच्या मुलीचं. जेनिफर नगरला नोकरीला. तिला बघायला एक स्थळ आलं होतं. पाहुणे पोहे खात असतानाच पाटोळे हात धुवायला म्हणून आत गेले आणि स्टेटस टाकून आले : 'मुलगा पसंत. उंची जरा कमी, पण स्वभाव गरीब.' मुलाच्या आईचा मोबाईल मांडीवरच होता. पोहे तसेच राहिले. स्वभाव गरीब होता म्हणून मुलगा तेवढा 'येतो' म्हणून गेला.

त्यानंतर जेनिफरने स्वतःच स्थळ पाहिलं. नाताळच्या गाण्यांच्या स्पर्धेत तिला संगमनेरचा जस्टिन आढाव भेटला होता. तो तिथल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासायचा. उंचीही बरी होती. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा.

रत्नाकर आढाव बँकेतून निवृत्त झालेले. 'ओटीपी कुणाला सांगू नका' असं त्यांनी लोकांना जन्मभर सांगितलं, आणि त्याचा परिणाम असा की आता कुणी त्यांना किती वाजले विचारलं तरी ते आधी 'कशासाठी?' म्हणायचे. त्यांनी पाटोळ्यांना फोन केला.

"पाटोळेसाहेब, मुलगी आम्हाला पसंत आहे. शनिवारी दुपारी येतो, प्रार्थना करून शब्द पक्का करू. अट एकच."

"बोला ना. देण्याघेण्याचं म्हणाल तर—"

"देणंघेणं काही नको. चर्चमध्ये नावं पुकारेपर्यंत मोबाईलवर एक अक्षर नको. फोटो नको, तारीख नको, आमचं नाव-गाव नको. एकदा गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. तुमच्या शेगडीचं आम्हाला माहीत आहे."

"शेगडीचं तुम्हाला कसं कळलं?" पाटोळ्यांनी आश्चर्याने विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे," आढाव म्हणाले.

चर्चमध्ये लग्नाआधी काही रविवार ओळीने नवरा-नवरीची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तोवर गप्प बसायचं. साध्या माणसाला हे अवघड नाही. जेनिफरने वडिलांना समोर बसवलं.

"पप्पा, मला जस्टिनशीच लग्न करायचंय. तुम्ही काही टाकलंत तर हे संपलं. मग मी आयुष्यभर इथेच राहीन आणि रोज तुमच्या भाजीत मीठ जास्त घालीन."

"बाळा, बायबलवर हात ठेवून सांगतो," पाटोळे म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्या हाताचा फोटो काढायला मोबाईल उचलला होता, तो हन्नाबाईंनी काढून घेतला.

त्या रात्री आनंदाच्या भरात पाटोळ्यांनी पेढे खाल्ले. किती, ते सकाळी यंत्राने सांगितलं. आता साखर टाकण्यात काय लग्न फुटतंय, असा विचार करून त्यांनी नेहमीप्रमाणे यंत्राचा फोटो टाकला : 'साखर ३४०. कारण सांगता येत नाही.'

चहा संपायच्या आत गहिनीनाथचा निरोप आला. गहिनीनाथचं फाट्यावर फ्लेक्स छापायचं दुकान. गावात कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचा नवा ट्रॅक्टर, सगळं त्याच्याकडूनच झळकायचं. 'सुप्रभात मित्रमंडळ, बोरमळा' या ग्रुपचा तोच ॲडमिन.

'मामा, फोटूत मागं नवे पडदे दिसत्यात,' त्याने लिहिलं होतं. 'पाव्हणे येनार हायेत का?'

पाटोळ्यांना घाम फुटला. यंत्राचा फोटो काढला होता, पडदे आपण होऊन आले होते. जेनिफरने मोबाईल हातात घेतला, स्टेटस काढून टाकलं, मोबाईल बंद केला आणि गव्हाच्या कोठीत खोल पुरला. हन्नाबाईंनी वरून झाकण लावून त्यावर वरवंटा ठेवला.

"आणि शनिवारपर्यंत घराबाहेर पडायचं नाही," हन्नाबाई म्हणाल्या. "मोबाईल नसला तरी तुम्हाला तोंड आहे."

पाटोळे आत बसले. भिंतीकडे बघायचे. एकदा त्यांनी जेवणाआधी ताटाकडे नुसतंच थोडा वेळ वरून पाहून घेतलं, दोन्ही हात पुढे धरून. हन्नाबाईंनी ते पाहिलं, पण वरवंटा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी बोरमळ्यात सकाळ झाली नाही.

लोक उठले, मोबाईल पाहिला. वचन नाही, साखर नाही. नूरमहंमदचं पाटोळ्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच पंक्चर काढायचं दुकान. पाटोळ्यांचा नाश्ता दिसला की तो शटर वर करायचा. त्या दिवशी दोन टायरवाले त्याची वाट बघत उभे राहिले. शेवटी तो गहिनीनाथकडे गेला.

"गहिनीनाथ, पाटोळेभाऊंचं काय कळंना रं. मेसेज टाकला, तर एकच टिक."

"मलाबी एकच टिक," गहिनीनाथ म्हणाला. "आन शेवटचं काय टाकलं हुतं ते बघितलं का? तीनशे चाळीस! कारण सांगता येत न्हाई म्हणून. अन् मग तेबी काढून टाकलं."

"या अल्ला. कारण सांगता येत न्हाई म्हंजे?"

"डॉक्टरनी सांगितलं नसंल."

नूरमहंमद चौकशीला गेला. दार बंद. कडी वाजवली तेव्हा हन्नाबाईंनी फटीएवढंच दार उघडलं. शनिवारच्या मटणासाठी त्या कांदे चिरत होत्या. डोळे लाल, पदर नाकाला.

"भाभी, भाऊ कसे हायेत?"

हन्नाबाईंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायची बंदी होती.

"नूरभाई, आज काही विचारू नका," त्या म्हणाल्या. "शनिवारी सगळं कळेलच." आणि दार लागलं.

बाकीचं गावाने जुळवलं. मांडववाल्याचा पोऱ्या म्हणाला, पाटोळ्यांकडे शनिवारी खुर्च्या सांगितल्यात. फुलवाली म्हणाली, जेनिफर पांढरी फुलं सांगून गेली, आणि घासाघीस न करता पैसे दिले. पाळकसाहेबांना शनिवारी दुपारी बोलावलंय हे त्यांच्या ड्रायव्हरकडून आलं. खुर्च्या, पांढरी फुलं, पाळक, बंद दार आणि तीनशे चाळीस. लग्न ठरवायला आणि माणूस पुरायला साधारण सारखंच सामान लागतं, हे गावाच्या लक्षात यायला नको होतं का? पण आलं नाही.

"मंग शनिवारपर्यंत का थांबलेत?" कुणीतरी विचारलं.

"बॉडी नगरला ठेवली असंल. पाव्हणे लांबनं यायचे," गहिनीनाथ म्हणाला. "पडदे बघितले तवाच मला शंका आलती."

एरवी माणूस गेला की त्याची माहिती जमवायला वेळ लागतो. पाटोळ्यांची सगळी गहिनीनाथच्या मोबाईलमध्ये तयार होती : जन्मतारीख, रक्तगट, कारखान्यातला निरोप समारंभ, महाबळेश्वरचा काळ्या गॉगलमधला फोटो. त्याने संगणकावर फ्लेक्स मांडला आणि वर 'कैलासवासी' टाकलं.

"अरे, ते ख्रिस्ती हायेत," नूरमहंमद मागून म्हणाला. "कैलासला कशाला धाडतूस?"

"मंग स्वर्गीय करतो. ते समद्यांना चालतंय."

"आन रक्तगट कशाला?"

"जागा उरलीय," गहिनीनाथ म्हणाला. "मोकळी दिसली तर बरं वाटत न्हाई."

शनिवारी दुपारी आढावांची गाडी फाट्यावर आली आणि थांबली. समोर बारा फूट उंचीचे पाटोळे गॉगल लावून हसत होते. 'भावपूर्ण आदरांजली. स्वर्गीय प्रभुदास पाटोळे. रक्तगट बी पॉझिटिव्ह. शेवटची साखर ३४०. शोकाकुल : सुप्रभात मित्रमंडळ.'

जस्टिनने जेनिफरला फोन लावला. तो स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाजत राहिला. रत्नाकररावांनी चष्मा पुसून फ्लेक्स पुन्हा वाचला.

"जन्मतारीखसुद्धा छापली आहे," ते म्हणाले.

"अहो, माणूस गेला," त्यांच्या बायको म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण रक्तगट कशाला?"

त्यांनी पेढ्यांचा खोका सीटखाली सारला आणि गाडी हळू चालवत पाटोळ्यांच्या दारी आले.

अंगणात सगळा गाव बसला होता. खुर्च्या सकाळीच आल्या होत्या, त्या भरल्या. बाकीचे खाली. मयताला आलेली माणसं आवाज करत नाहीत, त्यामुळे आतल्या लोकांना पत्ता नव्हता. शिवाय नवे पडदे जाड होते. आढाव मंडळींना लोकांनी सरकून जागा करून दिली. लांबून आलेले दिसतात, म्हणजे जवळचे असणार. एका बाईने जस्टिनच्या आईचा हात धरला आणि 'सोसायचं आता' म्हणून सांगितलं.

पाळकसाहेब अजून यायचे होते. तोवर दोन शब्द बोलावेत म्हणून गहिनीनाथ उभा राहिला.

"पाटोळेमामा म्हंजे उघडं पुस्तक," तो म्हणाला. "काय लपवून ठेवलं न्हाई या मानसानं. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, आपल्याला सांगितलं. पोटाला कवा त्रास झाला, आपल्याला सांगितलं. मामींनी भाजीत मीठ जास्त टाकलं, तेबी."

"कमी टाकलं हुतं," मागून एक जण म्हणाला.

"जास्त. माझ्याकडं फोटू हाय. त्यांचं सिलिंडर गेलं, शेगडी गेली, आपन घरात बसून बघितली. पोरीला बघाया पाव्हणे आले, तो पोरगा बुटका हुता, ते पाव्हण्यांच्या आधी आपल्याला कळलं." इथे त्याने बंद दाराकडे हात केला. "आता पोरीचं कसं व्हायाचं?"

रत्नाकररावांनी जस्टिनकडे पाहिलं. जस्टिन जमिनीकडे बघत होता. त्याची आई बाजूच्या बाईला हळूच विचारत होती की बुटका म्हणजे साधारण केवढा.

आत पाटोळे पाहुण्यांसाठी काळा कोट घालून तयार बसले होते. गहिनीनाथचा आवाज त्यांना ओळखू आला. त्यांनी पडदा जरा बाजूला केला. अंगणात सगळा बोरमळा. मधोमध, पांढऱ्याफटक चेहऱ्याने, आढाव.

पाटोळ्यांना एवढंच कळलं की गावाला कळलं. ते दार उघडून धावत बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले,

"मी काही टाकलं नाही! देवाशपथ सांगतो, मी काही टाकलं नाही!"

अंगणात एक खुर्ची पडली, मग दुसरी. सोसायला सांगणारी बाई स्वतः सोसेना म्हणून पळाली. गहिनीनाथ फुलांच्या टोपलीत बसला.

"कोट घालूनच उठले," कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

नूरमहंमद तेवढा जागचा हलला नाही. त्याने पुढे होऊन पाटोळ्यांच्या हाताला चिमटा काढला. पाटोळे 'आई गं' म्हणाले तेव्हा नूरमहंमदने तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग चिडला.

"जिवंत हायेस! मंग स्टेटस का न्हाई टाकलं? दुकान दोन दिस उशिरा उघडलं मी. मोबाईल बंद, दार बंद. काय झालं हुतं तुला?"

सगळा गाव पुन्हा खाली बसला, उत्तर ऐकायला. पाटोळ्यांचं आयुष्य या एका प्रश्नाची वाट बघण्यात गेलं होतं. अख्खं गाव समोर बसून स्वतःहून विचारतंय की तुझं काय चाललंय. ओठ हलले. दारात जेनिफर येऊन उभी राहिली होती, हातात पळी घेऊन.

पाटोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"सांगता येत न्हाई?" गहिनीनाथ टोपलीतून उठला. त्याच्या पाठीला शेवंती चिकटली होती. "मामा, बारा बाय दहाचा फ्लेक्स लावला मी! आमी रडलो! आन तुमाला सांगता येत न्हाई?"

"नाही येत."

"नुसतं पडद्याचं तरी सांगा."

"पडद्याचंही नाही," पाटोळे म्हणाले. कोटात त्यांना दरदरून घाम आला होता. तोंड त्यांनी असं घट्ट मिटलं होतं की गाल फुगले होते. हन्नाबाई मागून बघत होत्या. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात नवरा इतका देखणा त्यांना पहिल्यांदाच दिसला.

तेव्हा रत्नाकरराव उठले. घसा साफ केला.

"मी रत्नाकर आढाव," ते म्हणाले. "संगमनेरहून आलो. ही माझी बायको. हा माझा मुलगा जस्टिन, एकुलता एक, डेअरीत आहे, उंची पाच फूट नऊ इंच. पाटोळ्यांची जेनिफर आम्ही सून म्हणून मागितली आहे. मीच यांना अट घातली होती की कुणाला सांगायचं नाही. यांनी ती मोडली नाही, याला आता तुम्ही सगळे साक्षीदार. माणूस मेलाय असं गावाला वाटू दिलं, पण बोलला नाही. बँकेत मी इतकी वर्षं होतो, असं गुपित ठेवणारा मॅनेजर मला भेटला नाही."

"अहो बाबा, हळू," जस्टिन म्हणाला. "तुम्ही सगळंच सांगताय."

रत्नाकरराव थबकले. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोवर गाव टाळ्या वाजवत होतं. मग त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी गाडीतून पेढ्यांचा खोका आणवला आणि आपला रक्तदाबही सांगून टाकला.

पाळकसाहेब आले तेव्हा पेढे संपत आले होते. जस्टिनच्या शेजारी जेनिफर उभी होती, पळी अजून हातातच, आणि बायका रांगेने येऊन दोघांची उंची डोळ्यांनी मोजून जात होत्या.

"सगळ्यांना सांगून झालं?" पाळकसाहेबांनी विचारलं. "मग मी रविवारी चर्चमध्ये काय पुकारू?"

"तुम्ही पुकारा हो," हन्नाबाई म्हणाल्या. "हरकत कुणाची असेल तर इथेच घेतील म्हणावं, सगळे आहेतच."

गाव मात्र हलेना. गहिनीनाथचं म्हणणं, फ्लेक्स फाट्यावर आहे, बातमी तालुकाभर गेली आहे, आता जिवंत असल्याचं अधिकृत स्टेटस आलं पाहिजे. पाटोळ्यांनी रत्नाकररावांकडे पाहिलं. रत्नाकररावांनी जेनिफरकडे पाहिलं.

"एक," जेनिफर म्हणाली. "फोटो नको. पडदे दिसतात."

गव्हाच्या कोठीतून मोबाईल निघाला. चालू झाल्यावर तो बराच वेळ थरथरत राहिला, त्यातून गहू गळत होते. पाटोळे कोपऱ्यात खुर्ची घेऊन लिहायला बसले. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. गाव माना लांब करून बघत होतं, पण त्यांनी मोबाईल छातीशी धरला होता, पत्ते धरतात तसा. शेवटी एकदाच सगळ्यांचे मोबाईल वाजले.

'जिवंत आहे. बाकी खासगी.'

त्या स्टेटसला जेवढे बदाम आले तेवढे शेगडीलाही आले नव्हते.

फ्लेक्स नूरमहंमदने आपल्या दुकानाच्या पत्र्यावर टाकला, गळत होतं म्हणून. गॉगल आतल्या बाजूला आहे. पंक्चर काढताना वर पाहिलं की पाटोळे हसताना दिसतात.

लग्नाची नावं पुकारून झाली, तेव्हाही त्यांनी काही टाकलं नाही. रोज सकाळी वचन येतं. त्याखालची जागा मोकळी असते. परवा गहिनीनाथ त्यांना रस्त्यात भेटला.

"मामा, साखर किती हाय हल्ली?"

"खासगी आहे," पाटोळे म्हणाले आणि पुढे गेले.

गहिनीनाथ त्यांच्या पाठमोऱ्या कोटाकडे काळजीने बघत राहिला.

"वाढलेली दिसती," तो म्हणाला, आणि ग्रुपवर टाकायला त्याने मोबाईल काढला.